एक तरी तक्रार

वांग्याच्या भाजीचा पहिला घास तोंडात गेला आणि ऋतिकाने, लॅपटॉपवर मीटिंग चालू असतानाच, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"ऋतिका, तुम्हाला काही बोलायचंय का?" पलीकडून साहेबांनी विचारलं.

तिने मान हलवली. बोलण्यासारखं बरंच होतं, पण ते साहेबांशी नव्हे, जयवंतीताईंशी. भाजी खारट होती. जरा हात पडलाय, असं म्हणून सोडून द्यावं इतकी साधी खारट नव्हे. वांगी मिठागरात लावून तिथेच खुडली असावीत, अशी खारट.

मांडीवर अडीच वर्षांची आशू बसली होती. तिचं नाव आश्लेषा, पण एवढं मोठं नाव फक्त लसीच्या कार्डावर. ऋतिकाने भाजीचा रस न लागलेला पोळीचा कोपरा शोधून तिला दिला आणि मीटिंग संपल्या संपल्या फोन हातात घेतला. लिहायला सुरुवातही केली: ताई, आज भाजीत मीठ...

तेवढ्यात तिला सोसायटीच्या ग्रुपवरचा कालचा मेसेज दिसला. सेक्रेटरी सालोमीबाईंनी तो वर अडकवूनच ठेवला होता.

'सर्वांना विनंती. आपल्या गेटसमोरचं जयवंतीचं पोळी-भाजी केंद्र उद्यापासून परत उघडतंय. दोन लॉकडाऊन झाले, त्यात ती स्वतः आजारी पडली. पहिले काही दिवस कमी-जास्त होईल. कोणी नाक मुरडायचं नाही. गोड मानून घ्यायचं. मी लक्ष ठेवून आहे.'

शेवटच्या वाक्याला माणिकपूरमधल्या त्या चार मजली इमारतीत फार किंमत होती. बाईंनी एकदा लक्ष ठेवायचं ठरवलं की गच्चीवर वाळत घातलेल्या रुमालाचाही मालक सापडत असे.

पण ऋतिकाचा अंगठा थांबला तो बाईंच्या धाकाने नाही. पहिल्या लाटेत ती, नवरा परेश आणि तेव्हा दीड वर्षाची आशू असे तिघंही घरात अडकले होते. दारावर महापालिकेचा कागद चिकटला होता आणि जिन्यातून जाणारे लोक त्यांच्या दारापाशी श्वास रोखून पळत. त्या चौदा दिवसांत रोज दुपारी कडीला एक डबा टांगलेला असे. मऊ भात, मुगाचं वरण आणि आशूसाठी वेगळ्या वाटीत तूप. बेल वाजायची नाही, निरोप नाही. पंधराव्या दिवशी जयवंतीताईंनी डबे परत मागितले, तेवढंच.

ऋतिकाने लिहिलेलं खोडलं आणि ग्रुपवर टाकलं: 'खूप छान, ताई! तीच चव!'

तिच्या आधी सतरा जणांनी तेच लिहिलं होतं. एकाने तर टाळ्यांची आख्खी ओळ लावली होती.

इकडे केंद्रात जयवंतीताई ते मेसेज वाचत होत्या आणि प्रत्येक मेसेजला त्यांची काळजी वाढत होती.

ताईंचं एक गुपित होतं. एप्रिलमध्ये त्या आजारी पडल्या, ताप उतरला, खोकला गेला, अंगात ताकद आली, पण वास काही परत आला नाही. वासापाठोपाठ चवही गेली होती. लसणाची फोडणी काय आणि उकळतं पाणी काय, नाकाला सारखंच. जेवताना कापूस चावल्यासारखं वाटे. दुसऱ्या एखाद्या बाईने कुणाला तरी चाखायला लावून निभावलं असतं. पण ताईंच्या घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाला जीभ लावायची पद्धत नव्हती. खाडीकाठच्या त्यांच्या माहेरी नव्हती, सासरी नव्हती, आणि केंद्र काढल्यावर केंद्रातही नव्हती. बारा वर्षं त्यांनी साठ-साठ डब्यांचा स्वयंपाक नुसत्या वासावर केला होता. पातेल्यावर वाकायचं, एक दीर्घ श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "अजून चिमूट."

आता पातेल्यावर वाकलं की फक्त चष्म्यावर वाफ धरायची.

त्यात हात साठ डब्यांचा होता आणि डबे लागले होते एकोणीस. भाज्या मोजून कमी घेतल्या, तेल कमी घेतलं, पण मिठाच्या डब्यात गेलेली मूठ जुन्या सवयीने जुनीच भरून आली.

घरात विचारायचं तर नवरा. धनेशभाऊ डबे पोचवत, पण त्यांना रक्तदाब. आठ वर्षं त्यांची भाजी मिठाआधीच वेगळी काढलेली असायची. त्याच दिवशी, सोमवारी, नैवेद्य झाल्यावर त्यांनी चुकून मोठ्या पातेल्यातली आमटी घेतली आणि म्हणाले, "खारट आहे गं."

"तुम्हाला तर शेजारनीचा चहापन खारट लागतो," ताईंनी त्यांना उडवून लावलं.

राहता राहिली गिऱ्हाइकं. ती सगळी 'छान' म्हणत होती. पण ताईंना आपली गिऱ्हाइकं ठाऊक होती. याच ऋतिकाने लॉकडाऊनआधी एका आठवड्यात पाच तक्रारी केल्या होत्या, त्यातली एक तर डब्याचं झाकण करकरतं म्हणून. तीच आता 'तीच चव' म्हणते?

"काय तरी लपवतात हे लोक," त्या धनेशभाऊंना म्हणाल्या. "एवढं गोड बोलतात म्हंजे काय तरी बिघडलंय. पन काय, ते कोन सांगनार?"

"विचार की सरळ."

"आनि काय सांगू? मला वास येत नाय म्हनून? स्वयंपाकीनबाईला वास येत नाय कळलं तर उद्यापासून कोन जेवेल माझ्या हातचं? गाळ्याचा मालक तर टपूनच बसलाय. दिवाळीपर्यंत दुकान नीट चाललं नाय तर मोबाइलची कवरं विकनाऱ्याला देतो म्हनालाय."

आणि त्याच संध्याकाळी एकोणिसावा डबा रिकामा होऊन परत आला. त्यात एक चिठ्ठी होती.

'मीठ कमी. आमटी पांचट. लक्ष द्या. — आत्माराम, खोली नं. ३०१.'

आत्मारामकाका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, आणि ग्रुपवर नसलेले एकमेव सभासद. त्यांना जे सांगायचं ते कागदावर. लिफ्टला चिठ्ठी, वॉचमनला चिठ्ठी, पेपर उशिरा आला की पेपरवाल्याला दाराच्या फटीत चिठ्ठी. जयवंतीताईंच्या केंद्राला तर त्यांनी बारा वर्षांत कधी एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं.

ताईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि देवासमोर ठेवली.

"सापडला!" त्या म्हणाल्या. "एक तरी खरा मानूस सापडला!"

मंगळवारी त्यांनी मीठ वाढवलं.

मंगळवारी ऋतिकाने आमटीत उकडलेला बटाटा टाकून पाहिला. बटाटा खारट झाला, आमटी होती तशीच राहिली. तिने आमटीत पाणी घातलं, मग वरण घातलं, मग नुसता भात कालवला. शेवटी एका डब्यातून चौघांना पुरेल इतकी आमटी तयार झाली आणि तरीही ती कुणाला वाढण्यासारखी नव्हती. ग्रुपवर तिने लिहिलं, 'आमटी अप्रतिम!'

काकांची चिठ्ठी आली: 'सुधारणा नाही. मीठ कमीच.'

बुधवारी ताईंनी मन घट्ट करून मूठ आणखी सैल सोडली.

बुधवारी दुपारी एक वाजता नाक्यावरच्या डेअरीत दही संपत आलं. शेवटची दोन पाकिटं काउंटरवर होती आणि त्यांतल्या एकावर ऋतिकाचा हात पडला, दुसऱ्यावर सालोमीबाईंचा.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मास्कच्या वर नुसते डोळे.

"कढी करतेय," ऋतिका म्हणाली.

"मी केसांना लावते," सालोमीबाई म्हणाल्या.

"एक किलो?"

"माझे केस दाट आहेत, बाय."

डेअरीवाला मध्ये बोलला. "काय आहे काय तुमच्या बिल्डिंगला? तीन दिवस बघतोय. एकाला कढी, एकाला केस, एकजण म्हणाला मांजराला पाहिजे. पहिल्या मजल्यावरच्यांनी तर नेताना कारणच सांगितलं नाही."

"जयवंतीचं जेवण कसं वाटलं तुला?" जिना चढताना बाईंनी विचारलं.

"छान. तुम्हाला?"

"फस्क्लास."

पहिला मजला आला. मग दोघीही एकदमच पाणी प्यायला आपापल्या घरात पळाल्या.

संध्याकाळी बाईंना धनेशभाऊंकडून चिठ्ठ्यांचं कळलं आणि त्या तडक तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

"काका, काय हो तुमचं हे? ती बाई मरणाच्या दारातून परत आली. आख्खी सोसायटी तिला सांभाळून घेते आणि तुम्ही रोज चिठ्ठ्या पाठवता? माणुसकी आहे की नाही?"

"मी बारा वर्षं चिठ्ठ्या पाठवतो," काका दारातूनच म्हणाले. "आजच कशी माणुसकी आठवली?"

"तिचं मन मोडेल!"

"तिचं मन मोडत नाही. तिचं मन मला माहीत आहे. सात वाजले. दार लावतो."

सात वाजले की काका दार लावत आणि मग आग लागली तरी आतून "उद्या" एवढंच उत्तर येई.

गुरुवारी घेवड्याची भाजी आली. ऋतिकाने ती चाळणीत घालून नळाखाली धुतली. धुतलेली भाजी पुन्हा फोडणीला टाकताना तिच्या मनात आलं, की वेळ वाचावा म्हणून आपण डबा लावला आणि गेले चार दिवस डब्यावर स्वयंपाक करण्यात आपला दीड तास जातोय. आशूने तेवढ्या वेळात तिच्या ऑफिसच्या साहेबांना तीन कोरे ईमेल पाठवले होते. त्यातल्या एकाला साहेबांनी 'नोटेड' असं उत्तरही दिलं होतं.

आता मात्र सांगायचंच, असं ठरवून ती आशूला कडेवर घेऊन केंद्रात गेली. ताई कणकेच्या डब्यावर बसून मेथी निवडत होत्या. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"ये गं! बरी आलीस. सालोमीनं सांगितलं का? तिच्या चर्चमधले पॉलसाहेब आहेत ना, वालीवच्या भांड्यांच्या कारखान्यातले म्यानेजर, ते उद्या जेवायला येनार आहेत इथं. पसंत पडलं तर कामगारांचे चाळीस डबे! रोजचे! मग गाळ्याचा मालक काय बोलतो ते बघते मी."

ऋतिकाने आशूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. उद्या. पॉलसाहेब. हेच जेवण.

"ताई," तिने सुरुवात केली, "एक सांगायचं होतं. मीठ..."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"कमी पडतंय. काकांनी सांगितलं ना. हे बघ." ताईंनी देवासमोरच्या चार चिठ्ठ्या काढून दाखवल्या. कमी. कमीच. अजून कमी. काय चाललंय काय. "तुम्ही सगळ्या आपल्या गोड बोलता, मला कळत नाय का? तुमच्यावर विसंबले असते तर आज आळनी जेवन खात बसला असतात. तो म्हातारा आहे म्हनून मी वाचले. उद्या पॉलसाहेबांसाठी सगळी कसर भरून काढते."

ऋतिका परत आली ती वेगळ्याच काळजीत. सतरा जण छान म्हणतात. काका कमी म्हणतात. खारट म्हणणारी आख्ख्या इमारतीत आपण एकटीच. म्हणजे बिघाड आपल्यात तर नाही? तिने घाईघाईने हिंगाची डबी उघडून हुंगली. कॉफी हुंगली. फिनेल हुंगलं. अजून शंका राहायला नको म्हणून, नुकतंच काम उरकून कोपऱ्यात गप्प उभ्या राहिलेल्या आशूला उचलून तिचा लंगोट हुंगला. नाक शाबूत होतं. अगदी नको इतकं शाबूत होतं.

आशूला धुवून पुसून ती थेट सालोमीबाईंच्या दारात उभी राहिली.

"बाई, मला खरं सांगा. केसांना दही लावता का तुम्ही?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग जिन्यात डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, तिला आत ओढलं आणि दार लावलं.

"जीभ सोलली गो माझी!" त्या म्हणाल्या. "सोमवारपासून! पण मीच मेसेज टाकला, मीच कशी बोलू? मला वाटलं, बाकीच्यांना आवडतंय, म्हणजे माझंच तोंड आलंय."

"बाई, उद्या पॉलसाहेब!"

"देवा रे!" बाई मटकन खाली बसल्या. "मीच बोलावलंय त्याला. रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्यावर अर्धा तास तुझ्या ताईची स्तुती केली मी."

"आत्ता जाऊन सांगू या."

"आणि ती ऐकेल? चार दिवस आपण अप्रतिम-अप्रतिम लिहितोय. आता आपलं कोण खरं मानतंय? ती त्या काकांचंच ऐकेल. काकांनीच लिहायला पाहिजे, मीठ जास्त म्हणून."

दोघी तिसऱ्या मजल्यावर धावल्या. घड्याळात सात वाजून चार मिनिटं झाली होती.

"उद्या," आतून उत्तर आलं.

शुक्रवारी ऋतिकाची मीटिंग बाराला संपली. आशूला काखोटीला मारून, बाईंना घेऊन ती तीनशे एकमध्ये शिरली, तेव्हा काकांचा डबा नुकताच आला होता. काका मटकीची उसळ जेवत होते. शांतपणे. एका हाताने पोळी मोडत, दुसऱ्या हाताने पेपर धरून. पाण्याचं भांडं भरलेलं, त्याला हातही लावलेला नाही.

ऋतिकाला उसळीच्या नुसत्या दर्शनाने तहान लागली.

"काका, कसं आहे जेवण?" बाईंनी विचारलं.

"मीठ कमी."

"हे? हे कमी?"

"आमटीलाही कमी. आत्ता चिठ्ठी लिहिणारच होतो."

बाई तडक काकांच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि एक चमचा घेऊन बाहेर आल्या.

"काका, शुक्रवारचं जरा तोंड गोड करा. साखर आहे."

काकांनी चमचा तोंडात घातला. जीभ फिरवली. विचार केला.

"पूर्वीसारखी साखर येत नाही हल्ली," ते म्हणाले.

चमच्यात मीठ होतं.

ऋतिकाने आधी त्यांना पाणी दिलं, मग खुर्ची सरकवून समोर बसली. "काका, कधीपासून?"

काकांनी पेपरची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"एप्रिल," ते म्हणाले. "ताप घरातच काढला. कुणाला सांगितलं नाही. मग चव गेली ती गेलीच."

"मग चिठ्ठ्या कशाला लिहीत होता?" बाईंचा आवाज चढला.

"बारा वर्षं लिहितोय मी. त्या बाईला माझी चिठ्ठी आली नाही तर ती काय समजेल? म्हणेल, म्हातारा खचला. किंवा त्याहून वाईट, मी छान लिहिलं असतं तर धावत वर आली असती, डॉक्टरला घेऊन. तिला काय कमी काळज्या आहेत? इतक्या महिन्यांनी दुकान उघडलं तिने. म्हटलं, निदान एक गोष्ट तरी पहिल्यासारखी असू दे."

परवा ज्यांनी याच दारात माणुसकी काढली होती, त्या सालोमीबाई रिकामा चमचा हातात धरून उभ्या राहिल्या. मग एकदम भानावर आल्या. "काका, चपला घाला! ती तुमच्या चिठ्ठ्या वाचून मीठ वाढवतेय! आणि पॉल एकला येणार आहे!"

पण पॉलसाहेब साडेबारालाच आले होते. तिघं, कडेवरच्या आशूसह, रस्ता ओलांडून केंद्राच्या दारात पोचले, तेव्हा ते आतल्या एकुलत्या टेबलावर शेवटचा घास घेत होते. डोळे लाल, कपाळावर घाम, शेजारी पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या. समोर ताई हात पुसत उभ्या होत्या.

"कसं झालंय, साहेब?"

पॉलसाहेबांनी तिसऱ्या बाटलीचं झाकण फिरवलं. घोटभर पाणी घेतलं.

"फार छान," ते म्हणाले. "एकदम घरच्यासारखं. सोमवारपासून चाळीस डबे पाठवा."

ताईंचा चेहरा असा काही उजळला की ऋतिकाला वाटलं, गप्प बसावं. इथून परत फिरावं आणि जन्मभर भाजी धुवून खावी. मग तिला डोळ्यांसमोर चाळीस कामगार दिसले, एका रांगेत, प्रत्येकाच्या हातात बाटली. दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस डबे परत येतील. आणि मग ताईंचं काय?

"ताई," ती ओरडलीच, "खारट आहे!"

आशूने आईच्या तोंडावर हात ठेवला.

"काय?"

"खारट आहे. सोमवारपासून आहे. रोज वाढतंय. मी काल भाजी नळाखाली धुतली, ताई. मला माफ करा."

"मी किलोभर दही नेलं," सालोमीबाई म्हणाल्या. "केसांसाठी नाही."

ताईंनी दोघींकडे पाहिलं. मग त्यांची नजर मागे, दाराला धरून उभ्या असलेल्या काकांवर गेली. "काका, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं नाय बोलनार."

काकांनी मान खाली घातली. "बाई, मला काहीच कळत नाही. एप्रिलपासून चव नाही मला. वासही नाही."

"तुम्हाला पन?" ताई म्हणाल्या.

आणि मग सगळे ताईंकडे बघायला लागले.

ताई कणकेच्या डब्यावर बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. ऋतिकाला वाटलं, रडतायत. ती पुढे झाली, तेवढ्यात ताईंच्या तोंडावरचा पदर सरकला. त्या हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं.

"म्हंजे जिला वास नाय ती शिजवते," त्या म्हणाल्या, "आनि ज्याला चव नाय तो तपासतो! आनि बाकीचे आख्खे अठरा जन टाळ्या वाजवतात!"

"सांगायचं होतं गो एकदा," बाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगायचं होतं! मी रोज ग्रुपवर बघत होते, एक तरी तक्रार येते का! पाच दिवस देवाला खारट जेवू घातलं मी. देवपन काय बोलला नाय."

"तोपण ग्रुपवर असेल," सालोमीबाई म्हणाल्या.

पॉलसाहेब घसा खाकरून उठले. "आता खरंच बोलायचं तर... मी चाळीस डबे घेणार होतो, पण माझा डबा मी घरूनच आणणार होतो."

"आणि ते चाळीस कामगार?" बाईंनी कमरेवर हात ठेवले.

"भट्टीसमोर उभे असतात, घाम येतो. म्हटलं, त्यांना चालून जाईल. नुकतंच उघडलंय, पहिल्याच दिवशी कशाला मन मोडा?" ते ताईंकडे वळले. "पण मी शब्द दिलाय, जयवंतीबाई. ऑर्डर तुमचीच."

ताईंचं हसू थांबलं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"नको."

"ताई!" ऋतिका म्हणाली.

"दया आली म्हनून दिलेले डबे नको मला. दया चार दिवस पुरते, साहेब. मग लोक दुसरीकडे जातात आनि जाताना सांगतपन नायत. सोमवारी परत या, जेवा, आनि मग बोला. वाईट असेल तर वाईट बोला."

"मंगळवारपर्यंत कारखान्याच्या मालकांना नाव द्यायचंय मला. सोमवारी बिघडलं तर..."

"तर ते मोबाइलची कवरंवाले येतील. येऊ देत."

शनिवार-रविवार केंद्र बंद होतं, पण आत चौघांची लगबग चालू होती. काका वजनकाटा घेऊन बसले. चव नसली तरी त्यांच्याकडे कागद होता. किलोला किती सपाट चमचे, आमटीच्या पातेल्याला किती, उसळीला किती, याचा त्यांनी तक्ता केला, खाली सही केली आणि तारीख घातली. मिठाच्या डब्यात मूठ घालायला ताईंना बंदी झाली. चाखायचं कुणी, हा प्रश्न राहिला, तेव्हा ताईंनीच वाट काढली. नैवेद्य अकराला दाखवायचा आणि डबे भरायच्या आधी पहिली वाटी ऋतिकाकडे. ग्रुपवरचा तो अडकवलेला मेसेज काढून बाईंनी नवा टाकला: 'उद्यापासून जो छान म्हणेल त्याच्याकडे मी येऊन कारण विचारीन.'

सोमवारी सव्वाअकराला वाटी आली. फ्लॉवर-बटाटा. ऋतिकाने घास घेतला, डोळे मिटले, आणि ते उघडावेसे वाटेनात. ती धावत खाली गेली.

"ताई, बरोबर आहे!"

"खरं सांग."

"खरं सांगते. अगदी बरोबर."

"गेल्या सोमवारीपन हेच बोललीस."

"तेव्हा खोटं बोलले, आता खरं बोलतेय!"

"मला कसं कळनार?"

ऋतिकाने आशूला पुढे केलं. आशूने वाटी दोन्ही हातांनी धरून बटाटा संपवला आणि वाटीचा तळ चाटला. ताईंनी तेही मानलं नाही. "ही पोर परवा माझ्या कुंडीतली माती खात होती," त्या म्हणाल्या.

एक वाजता पॉलसाहेब आले. केंद्रात माणूस मावत नव्हता. दारात ऋतिका आणि आशू, खिडकीशी सालोमीबाई, कोपऱ्यात वही घेऊन काका, स्कूटरवर एक पाय टाकून धनेशभाऊ. पॉलसाहेबांना एवढ्या लोकांसमोर जेवायची सवय नसावी. पहिले दोन घास त्यांनी फार जपून घेतले. मग वेग आला. भाजी संपली, ताईंनी वाढली, तीही संपली. पाण्याची बाटली तशीच होती.

"बोला, साहेब," ताई म्हणाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी पार दोरी केली होती.

"खरं बोलू?"

"खरंच बोला."

पॉलसाहेबांनी ताटाकडे पाहिलं. सालोमीबाईंकडे पाहिलं. "पोळ्या जरा जाड आहेत," ते म्हणाले.

ताई टेबलावर वाकल्या.

"आनि मीठ?"

"मिठाचं काय?"

"मीठ कसं आहे?"

"लक्ष नाही गेलं हो," पॉलसाहेब ओशाळून म्हणाले. "विसरलोच बघायला. बघू का परत?"

ताईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. एकदा देवाकडे पाहिलं, एकदा ऋतिकाकडे, आणि मग तिला ओळखीच्या असलेल्या जुन्या, ठसकेबाज आवाजात त्या पॉलसाहेबांवर कडाडल्या, "पोळ्या माझ्या जाडच असतात! बारा वर्षं जाड असतात! भट्टीसमोर राबनाऱ्या मानसाला पापड लाटून देऊ का? चाळीस डबे पाहिजेत तर घ्या, नायतर नाक्यावर दुसरं केंद्र आहे."

"घेतो, घेतो!" पॉलसाहेब घाबरून म्हणाले.

"मग भात घ्या मुकाट. आनि आमटी ओरपा, गार होते."